पूर्वेच्या गॅलरीचे व्याही

गादीवाले रविवारी जेवायला येणार हे ठरल्यापासून घरात सगळ्यात जास्त वादावादी झाली ती एका फ्लेक्सवरून.

तो फ्लेक्स खाली छपाईच्या दुकानात, या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत अंथरलेला होता. घरच्या थोरल्या सुनेने त्याची अक्षरं संगणकावर लावली होती, धाकटीच्या नवऱ्याने तो छापला होता, आणि आता मोठे भाऊजी गुडघ्यांवर बसून त्याच्या कडेला रिंगा ठोकत होते. वर स्वयंपाकघरात धाकटी कोंबडीला मीठमिरी चोळत होती आणि हातोडीच्या प्रत्येक ठोक्याला तिच्या कपाळावर एक आठी वाढत होती. फ्लेक्सवर लिहिलेलं होतं, 'मालक, आता पुरे'. आणि ज्यांना आता पुरे म्हणायचं होतं, ते मालक त्याच दुकानातून जिना चढून वर येणार होते. घराला दुसरा जिना नव्हता.

धाकटीच्या लेकीने, म्हणजे टिकलीने, हा बॉम्ब गेल्याच आठवड्यात टाकला होता. मुलगा शाळेत गणित शिकवतो, स्वभावाने गरीब आहे, दोघांचं पक्कं ठरलंय, असं सगळं सांगून झाल्यावर पाणी पिता पिता ती म्हणाली, की त्याचे वडील म्हणजे गादीवाले. मोठे भाऊजी तेव्हा ताटावरून उठले होते. त्यांचं तरी काय चुकलं म्हणा. या घरात हॉकी म्हणजे हिरव्यांचा संघ, आणि हिरव्यांचा संघ म्हणजे घरातलंच एक माणूस. सासरे हयात होते तेव्हा हातशिलाईचे झेंडे शिवून सामन्याला न्यायचे. सासूबाई या वयातही उशी काखोटीला मारून पूर्वेच्या गॅलरीत जाऊन बसायच्या. मोठ्या भाऊजींना तर अख्खी गॅलरी कप्तानच म्हणायची, कारण घोषणा तेच सुरू करायचे.

असा हा संघ गाद्यांचा कारखाना असलेल्या माणसाने विकत घेतला आणि त्याची रया गेली. हिरवे शर्ट जाऊन फिकट जांभळे आले. सगळ्यात चांगला सेंटर फॉरवर्ड दुसऱ्या संघाला दिला गेला. प्रशिक्षक म्हणून आला तो मालकांचा सख्खा मेहुणा. आणि वर, संघ मार खात असताना मालक तिसरा क्वार्टर संपला की गॅलरीसमोरच्या आपल्या काचेच्या खोलीतून उठून चालते व्हायचे. हे शेवटचं लोकांना सगळ्यात झोंबायचं.

धाकटीला यातलं काही झोंबत नव्हतं. ती इस्पितळात लोकांचे कान तपासायची. आठवडाभर बंद खोलीत, अगदी बारीक आवाजांच्या संगतीत काढल्यावर रविवारी ती कानात कापूस घालून गॅलरीत बसायची आणि स्वेटर विणायची. तिला आज एवढंच हवं होतं की लेकीच्या सासरची माणसं जेवून नीट घरी जावीत.

हात धुऊन ती खाली आली.

"भाऊजी, तेवढं गुंडाळून ठेवता का हो? थोडा वेळच."

"शाई ओली आहे."

"कालच वाळली," थोरली संगणकामागून म्हणाली.

भाऊजींनी बायकोकडे पाहिलं. "तू कोणाच्या बाजूची?"

"जेवण होईपर्यंत धाकटीच्या. मग तुमच्या."

"माझं काही म्हणणं नाही," धाकटीच्या नवऱ्याने कुणी न विचारता सांगून टाकलं. लग्न झाल्यापासून धाकटी हे वाक्य ऐकत आली होती.

तेवढ्यात जिन्याच्या वरच्या पायरीवरून सासूबाई बोलल्या. "लपवायचं कशाला? वाचायला छापलंय ना? मग वाचू दे की माणसाला. लांबून वाचायचं ते जवळून वाचेल."

यावर बोलायची कुणाची टाप नव्हती. टिकली मात्र हळूच येऊन काकांच्या शेजारी बसली आणि पुढची रिंग धरून दिली.

"तुम्ही वर येणार ना, काका?"

"दुकान उघडं आहे."

"रविवारी?"

"आज आहे."

टिकली रुसली नाही, उठूनही गेली नाही. तशीच एकेक रिंग धरून देत राहिली. याच काकांच्या खांद्यावर बसून तिने पहिला सामना पाहिला होता. भाऊजींची हातोडी दोनदा रिंगेच्या बाहेर पडली, ते धाकटीने पाहिलं आणि ती मुकाट्याने वर गेली. या दोघांच्या मध्ये पडण्यात अर्थ नव्हता.

मंडळी आली ती चालत. गाडी कोपऱ्यावरच ठेवली होती. गादीवाले धाकटीला वाटले होते त्यापेक्षा बरेच बुटके निघाले. केकचा खोका दोन्ही हातांवर असा धरला होता की वाटावं, आत काही झोपलंय. मागे त्यांची बायको, उंच, शांत. तिच्यामागे मुलगा.

फ्लेक्स पाहून गादीवाले थांबले. डावीकडून उजवीकडे पूर्ण वाचला. मग त्यावर पाय पडू नये म्हणून भिंतीला घासत, आडवे आडवे चालत जिन्यापाशी पोचले.

"हा आजचा का?"

"आजचा," भाऊजी म्हणाले. उठले नाहीत.

"मग एक सांगू? समोरून हा वाचता येणार नाही. पांढऱ्यावर पिवळी अक्षरं आहेत, आणि दुपारी ऊन सगळं तुमच्या गॅलरीवर असतं. मागच्या खेपेचाही असाच होता. मला वाटलं, कुणाचा वाढदिवस आहे."

धाकटीचा नवरा लालबुंद झाला; त्याच्या छपाईला आजवर कुणी नाव ठेवलं नव्हतं.

"मी काळी म्हणत होते," थोरली म्हणाली. "यांनी पिवळी करायला लावली."

भाऊजी आता उठले. काहीतरी चांगलं सणसणीत बोलायला त्यांनी तोंड उघडलं, आणि त्यांची नजर मागच्या मुलावर गेली.

"टोपीवाल्या, तू इथे काय करतोस?"

मुलाचा हात सवयीने डोक्याकडे गेला. आज टोपी नव्हती. "नमस्कार, काका."

धाकटीने त्याच्याकडे निरखून पाहिलं आणि तिला हसू आवरेना. गॅलरीत टिकलीच्या पलीकडे बसणारा, टोपी नाकापर्यंत ओढून घसा फोडणारा तो पोरगा हाच. म्हणजे टिकली दर सामन्याला इतक्या उत्साहाने का यायची, त्याचाही उलगडा झाला.

गादीवाल्यांनी सावकाश मान वळवली. "तू पूर्वेच्या गॅलरीत बसतोस?"

"हो, बाबा."

"आणि ओरडतोस?"

"मला वाटायचं तुम्हाला ऐकू येत नसेल. काच आहे ना."

"ऐकू येतं," गादीवाले म्हणाले. "मला वाटायचं तू वाचनालयात असतोस."

"अहो, याच्यासारखा आवाज गॅलरीत दुसऱ्या कुणाचा नाही," भाऊजी कौतुकाच्या भरात बोलून गेले. "ते 'गादीवाले, जागे व्हा' आहे ना, ते याचंच." आणि आपण हे कोणासमोर बोलतोय ते लक्षात येऊन गप्प झाले.

उंच बाईंनी भिंतीकडे तोंड फिरवलं. त्यांचे खांदे हलत होते. धाकटीला आधी वाटलं रडताहेत की काय. मग कळलं, नाही, हसताहेत, आणि या बाईंशी आपलं जमेल असं तिला पहिल्यांदा वाटलं.

भाऊजी दुकानाला कुलूप लावून वर आले. टोपीवाला आलाय म्हणून येतोय, असं त्यांनी जिन्यातच स्पष्ट केलं.

सगळे बसले. भाजलेली कोंबडी फिरली, बटाटे फिरले, पाव फिरला. कोणी हवेबद्दल बोललं, कोणी रस्त्यावरच्या खोदकामाबद्दल. सासूबाईंना असल्या गोष्टींचा कंटाळा. त्यांनी पावाचा तुकडा तोडला आणि सरळ विचारलं, "आमचा सेंटर फॉरवर्ड का दिलात?"

"आई," धाकटीचा नवरा म्हणाला.

"तू जेव."

गादीवाल्यांनी काटा खाली ठेवला. "त्यानेच सांगितलं, मला सोडा. त्याच्या बायकोला तिकडे नोकरी लागली होती. म्हणाला, मी स्वतः गेलो असं कळलं तर लोक माझं नाव टाकतील. म्हटलं, ठीक आहे, मी दिलं म्हणून सांगतो."

"आणि आम्ही तुमचं नाव टाकलं," थोरली म्हणाली.

"टाकलंत खरं."

भाऊजींचा घास हातातच राहिला. त्या सेंटर फॉरवर्डसाठी त्यांनी काळी फीत लावून सामना पाहिला होता.

"बरं, तो गेला," सासूबाई म्हणाल्या. "शर्ट जांभळे का?"

"मला जांभळा आवडतो. आमची पहिली गादी जांभळ्या कापडाची होती."

"तुम्हाला गादी आवडली म्हणून पोरांना तिच्यात गुंडाळलंत?"

गादीवाले पाणी प्यायले.

"आणि शेवटच्या क्वार्टरला उठून जाता ते?"

"बघवत नाही हो, आजी."

"आम्हाला बघवतं होय?" सासूबाईंनी विचारलं, पण आवाज एक पायरी उतरला होता. उठून त्यांनी स्वतःच्या हाताने गादीवाल्यांना आणखी एक बटाटा वाढला.

इथे थांबले असते तर सगळं गोडीत झालं असतं. पण भाऊजींना वाटलं, खिंड मोकळी आहे तोवर सगळंच विचारून घ्यावं. "आणि तुमच्या मेहुण्यांचं काय? त्यांनी याआधी कुठे प्रशिक्षण दिलंय?"

गादीवाल्यांचा चेहरा मिटला. "तो विषय नको."

"सगळ्यात मोठा विषय तोच आहे."

"बाकी काय हवं ते विचारा. तो विषय नको."

उंच बाई उठल्या. पाण्याचा जग अर्धा भरलेला होता, तरी तो भरून आणते म्हणून स्वयंपाकघरात गेल्या. टिकलीने आईकडे पाहिलं. धाकटी त्यांच्या मागोमाग गेली.

बाईंनी नळ सोडला होता आणि जग भरून वाहत होता. त्या पुटपुटल्या ते नळाच्या आवाजात कुणाला ऐकू गेलं नसतं. पण धाकटीचं आयुष्य असंच काही ऐकण्यात गेलं होतं.

"कोणाला काढायला हवं, म्हणालात?" तिने नळ बंद करत विचारलं.

बाई दचकल्या. मग कट्ट्याला टेकल्या. "माझ्या भावाला. त्याला खेळातलं ओ का ठो कळत नाही हो. स्वतःच्या मुलांना जेवायला एका जागी बसवता येत नाही त्याला, अकरा जणांना काय पळवणार?"

"मग मालकांना का नाही सांगितलंत?"

"त्याचं दुकान बसलं तेव्हा यांनी आपणहून त्याला घेतलं. माझ्याकडे बघून घेतलं. आता मी कुठल्या तोंडाने सांगू, की काढा?"

"आणि भाऊ काय म्हणतो?"

"तो रडकुंडीला आलाय. दर सामन्यानंतर फोन करतो, ताई, मला यातून सोडव म्हणून. यांना सांगायची त्याला हिंमत नाही. उपकार केलेत ना यांनी."

धाकटीने हे मनात नीट लावून पाहिलं. मालकाला मेहुणा नकोय पण बायकोसाठी ठेवलाय. बायकोला भाऊ नकोय पण नवऱ्यासाठी गप्प आहे. भावाला स्वतःलाच राहायचं नाही. आणि या तिघांच्या भिडेपायी पूर्वेच्या गॅलरीतली माणसं घसे फोडून घेत होती, तिचा स्वतःचा दीर धरून. तिच्याकडे कान तपासायला येणाऱ्यांतही काही माणसं अशी असायची. आवाज ऐकू आला की दाबायचं ते बटण, आवाज आला नाही तरी, वाईट दिसायला नको म्हणून दाबायची.

"बाहेर चला," ती म्हणाली.

"मला नाही जमायचं."

"मग मी बोलते. चुकलं तर म्हणा, व्याह्यांना पोच नाही."

बाहेर आवाज चढले होते. गादीवाले टेबलावर बोट आपटत म्हणत होते, की बायकोच्या माहेरच्या माणसाबद्दल या घरात काही ऐकून घेणार नाही, तिला त्रास होतो. भाऊजी म्हणत होते, त्रास गॅलरीलाही होतो. टिकली आणि मुलगा दोघंही ताटात बघत बसले होते.

धाकटीने कमी ऐकू येणाऱ्यांसाठीचा आपला आवाज काढला. मोठा नाही, पण स्वच्छ. "त्यांना त्रास होतोय. पण तो तुम्ही त्यांच्या भावाला ठेवलंय म्हणून."

गादीवाले बायकोकडे बघायला लागले. भरलेला जग दोन्ही हातांत धरून ती दारात उभी होती.

"हे खरं आहे?"

"तो मला फोन करून रडतो," बाई म्हणाल्या. "त्याला सोडा, अहो. त्याला परत छोटंसं दुकान काढू दे."

"मग एवढे दिवस बोलली का नाहीस?"

"तुम्ही विचारलंत कुठे?"

"मी तुझ्यासाठीच तर..." गादीवाले अडखळले. "लोक मला काय काय बोलले. मी म्हटलं, बोलू दे, हिच्या मनाला लागायला नको."

आणि मग टेबलाच्या टोकाकडून, जिकडून कधी काही येत नसे तिकडून, धाकटीचा नवरा म्हणाला, "विचारायला हवं होतं."

सगळे त्याच्याकडे वळले. सासूबाईंनी चष्मा सारखा केला.

"माझं असं म्हणणं आहे," तो म्हणाला आणि कान लाल करून बटाट्याकडे वळला.

सगळ्यात आधी हसली ती थोरली. मग टिकली. मग गादीवालेही हसले, पण त्यांना डोळे पुसावे लागले. बायकोच्या हातातला जग त्यांनी काढून घेतला आणि सगळ्यांच्या पेल्यांत पाणी ओतत टेबलाभोवती फिरले. भाऊजींच्या पेल्याशी क्षणभर थांबले. भाऊजींनी पेला पुढे केला.

केक कापल्यावर सासूबाईंनी फर्मान काढलं. "आज तुम्ही आमच्यात बसायचं. त्या काचेत नाही."

"मला तिथे मारतील, आजी."

"मी शेजारी आहे."

गॅलरीत त्यांना कोणी मारलं नाही, कारण पहिले दोन क्वार्टर कोणी ओळखलंच नाही. टोपीवाल्याने आपली टोपी बापाच्या डोक्यावर घातली होती आणि धाकटीच्या लोकरीचा गुंडा त्यांच्या मांडीवर होता. मागच्या रांगेतल्या एका प्लंबरने, पुढ्यात नवा माणूस दिसला म्हणून, मालक कसा दगड आहे ते त्यांना खुलासेवार समजावून सांगितलं. मध्ये मध्ये शेंगा दिल्या. गादीवाले ऐकत गेले, शेंगा सोलत गेले, दोनदा तर 'बरोबर आहे' म्हणाले. धाकटीने एका कानातला कापूस काढून ठेवला होता. हे सोडण्यासारखं नव्हतं.

तिसरा क्वार्टर सुरू झाला. निषेधाचं ठरलं होतं त्याप्रमाणे भाऊजी उठले, हात वर केला, आणि सगळी गॅलरी उभी राहून समोरच्या काचेच्या खोलीकडे पाठ करून फिरली. फ्लेक्स कठड्यावरून खाली सुटला. गादीवाल्यांनी भाऊजींची बाही ओढली.

"मी काय करू?"

भाऊजींनी थोडा विचार केला. "फिरा."

गादीवाले फिरले. फिरताना टोपी सरकली, आणि प्लंबरने मान वळवून पाहिलं. हातातल्या शेंगा खाली पडल्या.

"तुम्ही ते... तेच ना?"

"तोच."

"मग पाठ कोणाला दाखवताय?"

"त्या खोलीला," गादीवाले म्हणाले. "तिथून खेळ नीट दिसतच नाही."

ही बातमी रांगेमागून रांग अशी गॅलरीभर गेली. आधी हशा पिकला, मग टाळ्या पडल्या, आणि मग मागून कुणीतरी फर्माइशी सुरू केल्या. शर्ट हिरवे करा. पूर्वेचं बंद केलेलं फाटक उघडा. मेहुण्याला काढा. "काढतोय," गादीवाले प्रत्येकाला वळून सांगत होते. "उघडतो. करतो." सामना एका गोलने हातचा गेला. शेवटचा पेनल्टी कॉर्नर खांबाला लागला तेव्हा मालक आणि मालकीणबाई दोघंही उभे राहून, मैदानाच्या कडेला उभ्या असलेल्या त्या बिचाऱ्या प्रशिक्षकाला हातवारे करत होते. त्याने वर पाहिलं. बहिणीने दोन्ही हातांनी खूण केली, सुटलास म्हणून. हरलेल्या संघाचा प्रशिक्षक इतका आनंदाने हसताना त्या मैदानावर आधी कोणी पाहिला नव्हता.

गर्दी पांगल्यावर गादीवाले भाऊजींना म्हणाले, "उद्या क्लबात या. मला खेळ कळत नाही, तुम्हाला कळतो म्हणता. नवा प्रशिक्षक आपण दोघं बघू. संघाचा पुढचा कारभारही तुम्हीच बघा."

भाऊजींच्या चेहऱ्यावरचा रंग उडाला. आयुष्यभर ते गॅलरीतून सांगत आले होते काय करायला हवं. खरंच करा असं कुणी कधी म्हटलं नव्हतं.

"आता सापडलात," थोरली म्हणाली आणि त्यांची कॉलर नीट केली.

लग्नाची तारीख ठरली. शर्ट हिरवे झाले. नवा प्रशिक्षक आला, कमी बोलणारा, भाऊजींनी पारखून आणलेला. आणि संघ तरीही हरत राहिला. फार नाही, थोडक्यात, पण हरत राहिला. भाऊजी आता सामन्याच्या दिवशी कोट घालून समोरच्या खोलीत बसायचे. गादीवाले बहुतेक वेळा गॅलरीत असायचे. प्लंबरशी त्यांची गट्टी जमली होती.

एका रविवारी विहीणबाईंनी आग्रहाने बोलावलं म्हणून धाकटी विणकाम घेऊन त्या खोलीत गेली. उकडत होतं, म्हणून खिडक्या सताड उघड्या होत्या. हिरव्यांनी दुसरा गोल खाल्ला आणि समोरून गलका उठला. त्या गलक्यातून एकच आवाज वेगळा निघून, बारीक, धारदार, मैदान ओलांडून येत होता. भाऊजी खुर्चीच्या कडेला आले.

"धाकटे, तुला नीट ऐकू येतं. कोण ओरडतंय गं?"

"सासूबाई."

"काय म्हणतायत?"

धाकटीने सुया थांबवल्या. समोर पहिल्या रांगेत सासूबाई उभ्या होत्या आणि दोन्ही बाजूंनी टिकली आणि जावई त्यांना धरून होते, की सोबत ओरडत होते, एवढ्या लांबून सांगता येत नव्हतं.

"तुम्हाला काढा म्हणतायत."

भाऊजींनी कोटाचं बटण काढून पुन्हा लावलं. मग खुर्चीत मागे रेलले आणि त्यांच्या चेहऱ्यावर हळूहळू हसू पसरलं.

"आवाज अजून कसा खणखणीत आहे बघ तिचा," ते म्हणाले.